धोका कशाच्या तुलनेत? लहान मुलांच्या हृदयातील कॅथेटरचा इतिहास

या पाठाची सुरुवात एका साध्या हिशेबाने करू. नवजात बाळाच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण ८० ते ८५ मिलिलिटर रक्त असते. म्हणजे तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त सुमारे पाव लिटर. त्याचे हृदय जेमतेम मोठ्या अक्रोडाएवढे. आता अशी कल्पना करा, की या बाळाच्या जांघेतील शिरेतून एक बारीक नळी आत सरकवायची आहे, ती हृदयाच्या कप्प्यांपर्यंत न्यायची आहे, तिथला दाब मोजायचा आहे, रक्ताचे नमुने काढायचे आहेत. या नळीला कॅथेटर म्हणतात आणि या प्रक्रियेला हृदयाचे कॅथेटरायझेशन.

हे धाडस कोणी केले आणि का, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे. पुष्कळ पुस्तकांत हा इतिहास शूर डॉक्टरांच्या गोष्टींसारखा सांगितलेला असतो. आधी भीती होती, मग एकाने धाडस केले आणि पुढे सगळे सोपे झाले, असा त्याचा साचा. या पाठात आपण वेगळी वाट घेऊ. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारू : त्या काळी हा धोका कशाच्या तुलनेत मोजला जात होता? नळी तीच होती, पण तिच्या समोर तराजूत काय ठेवले आहे, ते दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत गेले. हा बदल समजला, की हा इतिहास समजला.

१. थोडी पूर्वतयारी

हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन म्हणजे कर्णिका (अलिंद) आणि खालचे दोन म्हणजे जवनिका (निलय). उजव्या बाजूला शरीराकडून परतलेले, ऑक्सिजन कमी असलेले रक्त येते आणि ते फुप्फुसांकडे जाते. डाव्या बाजूला फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त येते आणि महाधमनीतून शरीरभर जाते. दोन्ही बाजूंच्या मध्ये पडदा असतो.

जन्मजात हृदयदोष म्हणजे या रचनेत गर्भावस्थेतच राहिलेली चूक. पडद्याला छिद्र असेल, एखादी झडप अरुंद असेल, एखादी वाहिनी चुकीच्या जागी जोडलेली असेल. जन्माला येणाऱ्या दर १००० बाळांमागे साधारण ८ ते ९ बाळांत असा काही ना काही दोष आढळतो. काही दोष किरकोळ असतात आणि आपोआप बरे होतात. काही पहिल्याच आठवड्यात जीव घेतात.

आता कॅथेटर काय सांगू शकतो ते पाहा. उजव्या बाजूच्या रक्तात ऑक्सिजनची संपृक्तता साधारण ७० ते ७५ टक्के असते, डाव्या बाजूला ती ९५ टक्क्यांच्या वर असते. महाशिरेतील नमुन्यात ७० टक्के आणि उजव्या कर्णिकेतील नमुन्यात एकदम ८५ टक्के आढळले, तर डावीकडचे शुद्ध रक्त तिथे कुठून तरी मिसळते आहे, म्हणजे वरच्या पडद्याला छिद्र असण्याची दाट शक्यता आहे. तीच उडी उजव्या जवनिकेत दिसली तर छिद्र खालच्या पडद्यात. दाबाचेही तसेच. उजव्या जवनिकेतील वरचा दाब एरवी पाऱ्याच्या सुमारे २५ मिलिमीटरइतका असतो. तो १०० च्या घरात गेला आणि फुप्फुस धमनीतला दाब मात्र कमीच राहिला, तर त्या दोहोंमधली झडप अरुंद आहे. छाती न उघडता आतला नकाशा हाती येतो. पण हा नकाशा मिळवण्याची किंमत कोण देणार?

२. एबर्सवाल्ड, १९२९ : स्वतःच्या शरीरावर

प्राण्यांच्या हृदयात नळ्या एकोणिसाव्या शतकातच गेल्या होत्या. फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी १८४४ मध्ये घोड्याच्या हृदयातील तापमान मोजले होते आणि १८६० च्या दशकात शोव्हो आणि मारे यांनी घोड्याच्या हृदयाच्या कप्प्यांतील दाबाच्या नोंदी घेतल्या होत्या. पण जिवंत माणसाच्या हृदयाला बाहेरच्या वस्तूचा स्पर्श झाला तर ते थांबेल, असाच समज रूढ होता.

१९२९ मध्ये बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड गावातील रुग्णालयात वेर्नर फोर्समान हा तरुण डॉक्टर काम करत होता. तातडीच्या प्रसंगी औषध थेट हृदयात देण्यासाठी त्या काळी छातीतून सुई टोचत असत. त्यात फुप्फुसाला किंवा हृदयाच्या रक्तवाहिनीला इजा होण्याची भीती असे. शिरेतून नळी नेली तर हे टळेल, अशी फोर्समानची कल्पना होती. म्हणजे त्याच्या मनातली तुलना 'नळी की काहीच नाही' अशी नव्हती. 'नळी की सुई' अशी होती.

वरिष्ठांनी परवानगी नाकारली. निर्जंतुक उपकरणे ज्यांच्या ताब्यात होती त्या परिचारिका गेर्डा डिट्झेन यांनी प्रयोगासाठी स्वतःचे शरीर देऊ केले. फोर्समानने त्यांना टेबलावर बांधले, पण नळी मात्र स्वतःच्याच डाव्या हाताच्या शिरेत घातली. मूत्रमार्गासाठी वापरली जाणारी ती नळी ६५ सेंटीमीटर आत सरकवून तो क्ष-किरण विभागापर्यंत चालत गेला आणि नळीचे टोक उजव्या कर्णिकेत असल्याचे चित्र त्याने काढून घेतले. त्याच वर्षाच्या शेवटी त्याचा लेख प्रसिद्ध झाला.

या प्रसंगाचा गौरव करताना दोन गोष्टी विसरू नका. पहिली, बर्लिनच्या शारिटे या नामांकित रुग्णालयात त्याच्या कामाला थारा मिळाला नाही आणि पुढे तो मूत्रविकारतज्ज्ञ झाला. दुसरी, १९३२ मध्ये तो नाझी पक्षाचा सदस्य झाला होता. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याचे धैर्य आणि राजकीय विवेक या वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

फोर्समानचे तंत्र शास्त्रशुद्ध मोजमापाचे साधन बनवले ते न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी, १९४० च्या दशकात. या तिघांना १९५६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

३. हवाना, १९३७ : विसरली गेलेली मुले

आता एक प्रश्न. लहान मुलांच्या हृदयाचे आतले चित्र प्रथम कुठे काढले गेले? बॉस्टन, लंडन, पॅरिस ही नावे तुमच्या मनात आली असतील. पण या कामाच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी एक क्युबाची राजधानी हवाना इथली आहे. बालरोगतज्ज्ञ आगुस्तिन कास्तेयानोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये मुलांच्या शिरेत क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रव्य टोचले आणि ते हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून जाताना त्याची चित्रे घेतली. नळी हृदयापर्यंत नेली नव्हती. पण जिवंत मुलाच्या हृदयाचे कप्पे क्ष-किरण चित्रात दिसू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

त्यांचा लेख स्पॅनिश भाषेत होता. १९५३ मध्ये मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय हृदयरोग संस्थेत रुबिओ आल्वारेस आणि लिमोन लासोन यांनी कॅथेटरमधून तार नेऊन फुप्फुस धमनीची अरुंद झडप मोकळी करण्याचा प्रयत्न केला, तो लेखही स्पॅनिशच. झडपेवर कॅथेटरने उपचार करण्याची ही अगदी आरंभीची नोंद आहे. तरीही इंग्रजीतले अनेक सोपे इतिहास या दोन्ही घटना एका ओळीत उरकतात किंवा गाळतात. 'प्रथम कोणी केले' या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'आपण वाचतो त्या भाषेत प्रथम कोणी लिहिले' असे असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही खूणगाठ बांधून ठेवावी.

४. बाल्टिमोर, १९४४ : उपचार आला, म्हणून निदान हवे झाले

१९४० पूर्वीच्या एखाद्या डॉक्टरच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. समोर ओठ निळे पडलेले मूल आहे. त्याच्या हृदयात नेमके काय बिघडले आहे हे कळले, तरी करणार काय? शस्त्रक्रिया अस्तित्वातच नाही. अशा वेळी केवळ माहितीसाठी मुलाच्या हृदयात नळी घालणे कोणाच्याही तराजूत बसत नव्हते. जन्मजात दोषांचे ज्ञान बहुतांशी शवविच्छेदनातून येई. कॅनडाच्या मॉड ॲबट यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेला जन्मजात हृदयविकारांचा चित्रसंग्रह एक हजार रुग्णांच्या अभ्यासावर उभा होता आणि त्यात शवविच्छेदनाचा वाटा मोठा होता.

१९३८ मध्ये बॉस्टनला रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या मुलीच्या हृदयाजवळची, जन्मानंतरही उघडी राहिलेली डक्टस ही वाहिनी बांधून टाकली. मग २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी १५ महिन्यांच्या एका निळ्या पडलेल्या मुलीवर शस्त्रक्रिया केली. हाताकडे जाणारी धमनी त्यांनी फुप्फुस धमनीला जोडली, म्हणजे फुप्फुसांकडे जास्त रक्त जाईल. कल्पना बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांची होती. कुत्र्यांवर प्रयोग करून तंत्र तयार केले होते व्हिव्हियन थॉमस यांनी. ते कृष्णवर्णीय प्रयोगशाळा-तंत्रज्ञ होते आणि त्या दिवशी ब्लेलॉक यांच्या मागे उभे राहून सूचना देत होते. शस्त्रक्रियेला नाव मात्र ब्लेलॉक आणि टॉसिग यांचेच मिळाले. ती मुलगी काही महिन्यांनी दगावली. पण पुढच्या मुलांमध्ये ही शस्त्रक्रिया यशस्वी ठरत गेली आणि निळ्या मुलांना घेऊन आईवडील दूरदूरहून बाल्टिमोरला येऊ लागले.

इथे तराजू बदलला. आता चुकीच्या निदानाची किंमत होती. जिला ही शस्त्रक्रिया उपयोगी नाही अशा मुलीची छाती उघडली, तर ती विनाकारण मरू शकत होती. टॉसिग स्वतः डोळ्यांनी, हाताच्या स्पर्शाने आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहून निदान करत. त्यांची श्रवणशक्ती कमी झालेली असल्याने छातीवर हात ठेवून ठोके आणि कंप जाणण्याची कला त्यांनी विलक्षण विकसित केली होती. पण ही कला सर्वांना शिकवता येण्याजोगी नव्हती. त्याच रुग्णालयात रिचर्ड बिंग यांनी जन्मजात दोषांसाठी कॅथेटरायझेशनची प्रयोगशाळा उभारली. बॉस्टनमध्ये लुइस डेक्स्टर यांनीही हेच काम हाती घेतले. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅथेटर हा शस्त्रक्रियेचा वाटाड्या बनला.

या टप्प्याचा धडा लक्षात ठेवा. 'अचूक निदान झाले, म्हणून उपचार सापडला' असा क्रम आपण गृहीत धरतो. इथे क्रम उलटा होता. उपचार आला आणि त्याने निदानाची गरज निर्माण केली.

५. नवजात बाळाचा प्रश्न

आठ-दहा वर्षांचे मूल ही एक गोष्ट, आणि तीन दिवसांचे बाळ ही वेगळी. सुरुवातीच्या हिशेबाकडे परत या. एकूण रक्त पाव लिटर. पाच ठिकाणांहून प्रत्येकी दोन मिलिलिटरचे नमुने घेतले तर १० मिलिलिटर गेले, म्हणजे एकूण रक्ताच्या चार टक्के. मोठ्या माणसाच्या बाबतीत हे २०० मिलिलिटर रक्त काढून घेण्यासारखे झाले. चित्रासाठी टोचलेल्या द्रव्याचाही भार पडतो. थंड खोलीत उघडे पडलेले बाळ पटकन गार होते. शिरा इतक्या बारीक, की त्या कापून उघडून नळी आत घालावी लागे. सुईच्या छिद्रातून तार आणि तारेवरून नळी नेण्याची स्वीडनच्या सेल्डिंगर यांची पद्धत १९५३ ची. ती लहान बाळांसाठी नेहमीच्या वापरात यायला बराच काळ गेला.

१९६८ मध्ये अमेरिकेत एक मोठा संयुक्त अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १२ हजारांहून अधिक कॅथेटरायझेशनची नोंद होती. एक महिन्याच्या आतील बाळांमध्ये मृत्यूचे प्रमाण मोठ्या वयाच्या रुग्णांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक होते. अर्थात ही बाळे मुळातच अत्यवस्थ होती. त्यांतली किती नळीने गेली आणि किती आजाराने, हे वेगळे करणे अवघड. पण डॉक्टरांना एक गोष्ट स्वच्छ दिसत होती : ज्या बाळाला निदानाची सर्वांत जास्त निकड, त्याच बाळाला निदानाचा सर्वांत जास्त धोका.

आणखी एक फरक आहे. फोर्समानने स्वतःचा जीव पणाला लावला. डिट्झेन यांनी निदान होकार तरी दिला होता. तीन दिवसांचे बाळ होकार देऊ शकत नाही. त्याच्या वतीने घाबरलेले आईवडील कागदावर सही करतात. त्यामुळे 'धोका कशाच्या तुलनेत?' हा प्रश्न इथे डॉक्टरच्या धाडसावर सोडून देता येत नाही. उत्तर आकड्यांनी द्यावे लागते.

६. फिलाडेल्फिया, १९६६ : मुद्दाम पाडलेले छिद्र

असे आकडे एका दोषाच्या बाबतीत अगदी निर्दय होते. हा दोष म्हणजे महारोहिण्यांची अदलाबदल. महाधमनी डावीऐवजी उजव्या जवनिकेतून निघते आणि फुप्फुस धमनी डाव्या जवनिकेतून. परिणाम असा, की शरीराकडून आलेले अशुद्ध रक्त पुन्हा शरीराकडेच जाते आणि फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसांकडे. दोन वर्तुळे शेजारी शेजारी फिरत राहतात, एकमेकांना न भेटता. गर्भात असलेली छिद्रे जन्मानंतर काही काळ उघडी असतात, तेवढाच काळ थोडे रक्त मिसळते आणि बाळ तग धरते. ती मिटू लागली की बाळ काळेनिळे पडते. उपचार न मिळालेल्या अशा बाळांपैकी सुमारे निम्मी पहिल्या महिन्यात आणि जवळजवळ ९० टक्के पहिल्या वर्षात दगावत.

रक्त मिसळण्यासाठी कर्णिकांमधील पडद्याला मोठे छिद्र पाडावे, ही कल्पना जुनी होती. ब्लेलॉक आणि हॅनलन यांची त्यासाठीची शस्त्रक्रिया १९५० मध्ये प्रसिद्ध झाली होती. पण मरणाच्या दारातल्या बाळाची छाती उघडायची म्हणजे पुष्कळदा बाळ त्या शस्त्रक्रियेतच जाई.

१९६६ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील विल्यम रॅशकाइंड आणि विल्यम मिलर यांनी वेगळा मार्ग प्रसिद्ध केला. टोकाशी लहानसा फुगा असलेला कॅथेटर त्यांनी शिरेतून उजव्या कर्णिकेत नेला. तिथून, जन्मतः अजून न मिटलेल्या झाकणासारख्या छिद्रातून तो डाव्या कर्णिकेत सरकवला. मग फुगा फुगवला आणि झटक्यात उजवीकडे ओढला. पातळ पडदा फाटला आणि छिद्र मोठे झाले. छाती उघडावी लागली नाही. काही क्षणांत बाळाचा निळा रंग उतरू लागे.

या कृतीचा अर्थ नीट समजून घ्या. तोवर कॅथेटर हे पाहण्याचे साधन होते. हृदयाला धक्का लागू नये, काही फाटू नये, यासाठी डॉक्टर जपत असत. रॅशकाइंड यांनी नेमके तेच मुद्दाम केले. निरोगी बाळाच्या बाबतीत जी भयंकर इजा ठरली असती, ती या बाळासाठी श्वास होती. आणि 'हा धोका कशाच्या तुलनेत?' याचे उत्तर इथे इतके स्पष्ट होते, की जगभरच्या रुग्णालयांनी ही पद्धत स्वीकारली.

पण हा कायमचा इलाज नव्हता, हेही तितकेच खरे. दोन वर्तुळे अजून चुकीचीच होती. बाळ थोडे मोठे होईपर्यंत वेळ मिळाला, इतकेच. तो वेळ उपयोगी पडला, कारण पलीकडे शस्त्रक्रिया तयार होत होत्या : स्टॉकहोममध्ये सेनिंग यांची १९५८ मध्ये, टोरोंटोत मस्टर्ड यांची १९६३ मध्ये, आणि दोन्ही मोठ्या वाहिन्या कापून योग्य जागी जोडण्याची ब्राझीलच्या साओ पाउलोमधील अडिब जटेने यांची १९७५ मध्ये. फुगा हा पूल होता. पलीकडचा काठ नसता तर पुलाला अर्थ उरला नसता.

७. झडप उघडणे, छिद्र बुजवणे

एकदा कॅथेटरने दुरुस्ती होऊ शकते हे पटले, की पुढच्या कल्पना येत गेल्या. १९८२ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या जीन कॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुस धमनीची अरुंद झडप फुग्याने उघडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. झडपेच्या मधोमध लांबट फुगा ठेवायचा आणि फुगवायचा, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या पाकळ्या सुट्या होतात. आज या दोषात बहुतेक मुलांसाठी हाच पहिला उपचार आहे.

छिद्रे आणि अनावश्यक वाहिन्या बुजवण्याची कथा मात्र जास्त वळणावळणाची. उघडी राहिलेली डक्टस कॅथेटरने बंद करण्याची पद्धत १९६७ मध्ये वेर्नर पोर्स्टमान यांनी प्रसिद्ध केली, तीही शारिटे रुग्णालयातून. ज्या ठिकाणी फोर्समानला थारा मिळाला नव्हता, तिथेच ३८ वर्षांनी हे घडले. पण त्यांची नळी जाड होती आणि लहान मुलांच्या धमनीत मावत नव्हती. कर्णिकांमधील छिद्र दोन छत्र्यांसारख्या चकत्यांनी बुजवण्याचा किंग आणि मिल्स यांचा प्रयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९० च्या दशकात कुर्ट आम्प्लाट्झ यांनी नायटिनॉल या मिश्रधातूच्या तारांची चकती बनवली. ही चकती ओढून बारीक नळीत बसवता येते आणि बाहेर आली की आपला मूळ आकार घेते. अशा चकत्यांमुळे ही पद्धत सर्वत्र पसरली. २००० मध्ये पॅरिसमध्ये फिलिप बोनहोफर यांनी १२ वर्षांच्या मुलाला कॅथेटरमधून नवी झडप बसवली. ती गाईबैलांच्या मानेतल्या शिरेतील झडपेपासून तयार केलेली होती.

किंग-मिल्स यांच्यापासून नायटिनॉलच्या चकतीपर्यंत वीस वर्षे का लागली? पुन्हा तराजू पाहा. रॅशकाइंड यांच्यासमोर मरणारे बाळ होते. कर्णिकांमध्ये छिद्र असलेले मूल मात्र बहुधा शाळेत जात असते, खेळत असते. शिवाय हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हे छिद्र शिवून टाकण्याची शस्त्रक्रिया १९५३ पासून उपलब्ध होती आणि पुढे ती फार सुरक्षित झाली. म्हणून इथे नव्या साधनाला मृत्यूशी तुलना करून चालणार नव्हते. चांगल्या शस्त्रक्रियेशी तुलना होती. चकती सरकली, किंवा क्वचित शेजारच्या भिंतीला घासून छिद्र पाडले, तर ते अक्षम्य ठरले असते. शिवाय पाच वर्षांच्या मुलीच्या हृदयात बसवलेली वस्तू पुढची साठ-सत्तर वर्षे तिथे राहणार असते.

८. टू-डी इको आणि जुन्या कामाचा अंत

१९७० आणि १९८० च्या दशकांत आवाजाच्या लहरींनी हृदयाचे चित्र दाखवणारी इकोकार्डिओग्राफी लहान मुलांपर्यंत पोहोचली. ना सुई, ना क्ष-किरण, ना रक्ताचे नमुने. छातीवर एक यंत्र फिरवायचे आणि पडद्यावर कप्पे, झडपा, छिद्रे पाहायची. ज्या निदानासाठी १९६० मध्ये बाळाचा जीव धोक्यात घालावा लागे, ते आता बाळाच्या पाळण्याशेजारी होऊ लागले. याच सुमारास प्रोस्टाग्लँडिन हे औषध देऊन डक्टस काही काळ उघडी ठेवता येते, हेही सिद्ध झाले. अत्यवस्थ बाळाला आणखी थोडा वेळ मिळाला.

तराजूत आता निदानासाठीच्या नळीसमोर इको होता, आणि नळीचे पारडे हरले. कॅथेटरला मात्र निवृत्त व्हावे लागले नाही. पाहण्याचे काम त्याच्याकडून गेले, दुरुस्तीचे काम वाढले. रॅशकाइंड यांचा फुगा आजही अनेक ठिकाणी इकोच्या पडद्यावर पाहत, अतिदक्षता विभागातच वापरला जातो.

९. भारत : उशिराची किंमत

भारतातील कथेचा एक धागा थेट बाल्टिमोरशी जोडलेला आहे. डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये हेलन टॉसिग यांच्याकडे आणि नंतर हार्वर्डमध्ये शिक्षण घेतले. भारतात परतून दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी १९५४ मध्ये हृदयरोगाचा विभाग सुरू केला आणि कॅथेटरायझेशनची प्रयोगशाळा उभारली. २०२० मध्ये १०३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या काळातल्या रुग्णालयांत संधिवाताच्या तापाने झडपा बिघडलेल्या मुलांची आणि तरुणांची मोठी गर्दी असे. जन्मजात दोषांची बाळे त्या मानाने रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसत. पुष्कळशी निदान होण्याआधीच जात.

आज देशात वर्षाला सव्वादोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात. दर हजारी ८ ते ९ या प्रमाणाने हिशेब केला, तर हृदयदोष असलेल्या बाळांची संख्या दोन लाखांच्या आसपास येते. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात महाराष्ट्रातील पालघर येथून झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून त्यांना उपचारापर्यंत नेणे हा त्याचा हेतू. तपासायच्या दोषांत जन्मजात हृदयदोषही आहेत.

आता या पाठातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. श्रीमंत देशांत निदानासाठीचे कॅथेटरायझेशन फार कमी झाले, असे आपण पाहिले. भारतात ते जुने काम अजून शिल्लक आहे. याचे एक मोठे कारण उशीर. खालच्या पडद्याला मोठे छिद्र असलेले बाळ पहिल्या वर्षात शस्त्रक्रियेला आले, तर बहुधा इको पुरतो. तेच मूल आठ-दहा वर्षांचे होऊन आले, तर इतकी वर्षे जास्त दाबाने रक्त सोसून फुप्फुसांच्या वाहिन्या कडक झालेल्या असू शकतात. त्या फार कडक झाल्या असतील तर छिद्र बंद करणे जीवघेणे ठरते. त्या किती कडक झाल्या आहेत, हे ठरवण्यासाठी आजही कॅथेटर आत नेऊन दाब आणि ऑक्सिजन मोजावा लागतो. बिंग आणि डेक्स्टर यांनी १९४० च्या दशकात केलेलीच ही मोजमापे. फरक इतकाच, की त्यांना शस्त्रक्रिया कोणती करावी हे ठरवायचे होते. इथे पुष्कळदा ठरवायचे असते, की वेळ निघून गेली आहे का.

१०. समारोप

१९२९ मध्ये कॅथेटरची तुलना सुईशी झाली, १९४४ नंतर चुकीच्या शस्त्रक्रियेशी, १९६६ मध्ये मृत्यूशी, १९९० च्या दशकात सुरक्षित शस्त्रक्रियेशी आणि निदानापुरती टू-डी इकोशी. जे उपकरण एका काळी बेजबाबदार वाटले, ते दुसऱ्या काळी सर्वांत सौम्य उपाय ठरले, आणि जे अपरिहार्य होते ते पुढे अनावश्यक झाले. म्हणून 'हे धोक्याचे आहे का?' असा सुटा प्रश्न इतिहासात फारसा उपयोगी नसतो. आणि आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक पोटप्रश्न जोडावा लागतो : मूल कितव्या महिन्यात, कोणत्या गावाहून, किती पैसे घेऊन रुग्णालयाच्या दारात पोहोचले? तराजूतली वजने डॉक्टर एकटा ठरवत नाही. रस्ते, तपासणी आणि खर्चाची सोय त्यांतली बरीच ठरवतात.

विचारासाठी प्रश्न

१. 'उपचार आला, म्हणून निदानाची गरज निर्माण झाली' या विधानाला वैद्यकशास्त्राबाहेरचे एखादे उदाहरण तुम्हाला सुचते का?

२. गेर्डा डिट्झेन आणि व्हिव्हियन थॉमस यांची नावे मूळ इतिहासात मागे का राहिली? दोघांची कारणे सारखी आहेत की वेगळी?

३. रॅशकाइंड यांचा प्रयोग आज प्रथमच करायचा झाला असता, तर बाळाच्या वतीने संमती कोणी आणि कोणती माहिती घेऊन द्यायला हवी होती?

४. तुमच्या जिल्ह्यात जन्मलेल्या, हृदयदोष असलेल्या बाळाला जवळच्या टू-डी इकोपर्यंत पोहोचायला किती अंतर जावे लागेल? शोधून काढा आणि या पाठातल्या तराजूत ते अंतर कोणत्या पारड्यात ठेवाल ते लिहा.